चित्र देखणं आहे, पण मापं कुठे आहेत?

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या नूतनीकरणाचं काम आम्ही एका इंटिरियर डिझायनरकडे सोपवलं आहे. त्यांनी दाखवलेली थ्री-डी चित्रं घरात सगळ्यांना आवडली. पुढच्या आठवड्यात तोडफोड सुरू करू, असं त्या म्हणतात. पण ओटा किती उंच, कपाटं किती खोल असं विचारलं की 'ते साइटवर बघू, काळजी करू नका' एवढंच उत्तर मिळतं. स्वयंपाक मुख्यतः आई करते आणि ती उंचीने बरीच लहान आहे. सारखं विचारत राहिलो तर त्यांच्यावर विश्वास नाही असं वाटेल का? आपण किती लक्ष घालावं?

उत्तर : भरपूर घाला, आणि तोडफोडीच्या आधी घाला. मी स्वतः हेच काम करते, म्हणून सांगते : मापं विचारणारा घरमालक मला हवाच असतो. पुढे होणारी बरीचशी भांडणं तिथेच टळतात.

थ्री-डी चित्र रंग आणि एकूण रूप ठरवायला उत्तम. पण सुतार, गवंडी आणि इलेक्ट्रिशियन त्यावरून काम करू शकत नाहीत. त्यांना मापांसकट ड्रॉइंग लागतात : प्रत्येक खोलीचा प्लॅन, प्रत्येक भिंतीचं समोरून दिसणारं चित्र, विजेच्या पॉइंटांचा आणि नळजोडणीचा नकाशा. ही ड्रॉइंग हातात आल्याशिवाय एकही फरशी उखडू देऊ नका. 'साइटवर बघू' याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच होतो की निर्णय सुतार घेणार.

तुमच्या आईंचंच घ्या. ओटा सहसा ८५ ते ९० सेंटीमीटर उंच करतात. आईंना घरात नेहमी घालतात त्या चपला घालून सरळ उभं करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजा. त्याच्या १० ते १५ सेंटीमीटर खाली ओटा आला की चिरताना खांदे उचलावे लागत नाहीत. त्यांची उंची १४५ सेंटीमीटरच्या आसपास असेल, तर हे माप ७६ ते ८१ च्या घरात येईल. म्हणजे नेहमीचा ओटा त्यांना रोज त्रास देणार. शेगडी ओट्यावर ठेवणार की ओट्यात बसवणार, हेही आत्ताच ठरवा. वर ठेवली तर भांडं आणखी उंच जातं. सिंकचं उलट असतं. त्याचा तळ खोल असल्यामुळे तिथला ओटा किंचित वर घेतला तर कमरेत वाकावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट हमखास निसटते. जुन्या फरशीवरच नवी बसवणार असाल, तर जमीन दीड-दोन सेंटीमीटर वर येते. ओट्याचं माप नव्या फरशीपासून धरलं आहे ना, हे ड्रॉइंगवर लिहून घ्या. दारं खालून तासावी लागतील, तेही कंत्राटात असू द्या.

कपाटांसाठी आधी तुमचे कपडे मोजा. हँगरला आतून साधारण ५५ ते ६० सेंटीमीटर खोली लागते, आणि सरकती दारं त्याशिवाय आणखी ८ ते १० सेंटीमीटर जागा खातात. छोट्या खोलीत हा हिशेब फार महत्त्वाचा ठरतो. विजेचे पॉइंट मात्र कागदावर समजत नाहीत. खडू घ्या, पलंग आणि टेबल कुठे येणार ते जमिनीवर आखा आणि भिंतीवर खुणा करत फिरा. पलंगामागे लपणारा सॉकेट तिथेच सापडतो. प्लॅस्टर झाल्यावर तो हलवायचा तर भिंत पुन्हा फोडावी लागते.

भिंत पाडायची असेल तर डिझायनरच्या शब्दावर जाऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्या. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशी बसण्याआधी, निचऱ्याचं तोंड बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या छताला ओल येते का बघा.

पैशांचं थोडक्यात : फी कशावर धरली आहे, तिच्यात साइटच्या किती भेटी येतात आणि दुकानदारांकडून कमिशन घेता का, हे सरळ विचारा. चांगली डिझायनर रागावणार नाही. काम सुरू झाल्यावर होणारा प्रत्येक बदल खर्चासकट लेखी मान्य झाल्यावरच करा, आणि अंदाजपत्रकाच्या १० ते १५ टक्के रक्कम वेगळी ठेवा. जुन्या घरात भिंतीआड काय निघेल ते आधी दिसत नाही.

राहिला विश्वासाचा प्रश्न. 'तुमची रचना आम्हाला मनापासून आवडली आहे, म्हणूनच ती मापांसकट कागदावर हवी आहे,' असं म्हणा. पुढच्या भेटीला आईंना सोबत बसवा, म्हणजे ओट्याचं बोलणं थेट त्यांच्याशीच होईल. ड्रॉइंगसाठी आठवडा-दोन आठवडे मागितले तर आनंदाने द्या. तरीही नकार मिळाला, तर काम सुरू होण्याआधीच दुसरी डिझायनर शोधा.