टायमिंग अडकलं म्हणजे मुलगी आळशी झाली?

"मॅडम, वर्षभर टायमिंग अर्ध्या सेकंदानंसुद्धा उतरलं नाही. पुढच्या वर्षी दहावी. बंदच करून टाकू का?" पोहणाऱ्या मुलींचे आईवडील माझ्याकडे येतात ते बहुधा हाच प्रश्न घेऊन.

तिला सई म्हणू. वय चौदा, नववीत. क्लोरीननं तांबूस झालेले केस, डोळ्यांभोवती गॉगलचे वळ. बाबांनी सोबत वही आणली होती. १०० मीटर फ्रीस्टाइल: बाराव्या वर्षी १:१४, दीड वर्षात १:०६, आणि तिथून पुढे पानभर १:०६, १:०७, १:०६. शेजारच्या रकान्यात लाल पेनानं 'दांडी'. "पोट दुखतं म्हणते. दर महिन्याला तीन-चार दिवस. मी पहाटे साडेचारला उठून बालेवाडीच्या टँकवर सोडायचं आणि हिनं..."

दर महिन्याला. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं, पण वाचलं नव्हतं.

बाबांना बाहेर बसवलं, तर सई पाच मिनिटं बाटलीचं झाकण उघडमीट करत राहिली. मग म्हणाली, "पॅड लावून पाण्यात उतरता येत नाही ना. सरांना काय सांगू? बाबांना काय सांगू?" आईला पाळी सुरू झाल्याचं माहीत होतं, टँकवरच्या दांडीशी तिनंही ते जोडलं नव्हतं.

वयात येताना मुलींचं शरीर बदलतं. उंची, वजन, नितंबांची रुंदी बदलते, पाण्यातला तोल बदलतो, स्ट्रोक नव्यानं बसवावा लागतो. त्याच वयात मुलांना स्नायूंची ताकद जणू फुकटात मिळते. त्यामुळे कालपर्यंत मागे असलेला मुलगा पुढे जातो आणि घरी वाटतं, हिचं लक्ष उडालं. या काळात एखादं वर्ष टायमिंग अडकणं अगदी नेहमीचं आहे. सईला धापही लवकर लागायची, म्हणून डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन ९.८ निघालं. रक्तच कमी, तर शेवटचे पंचवीस मीटर कुठून ओढणार?

औषध सुरू झालं. आईनं मेन्स्ट्रुअल कपची, म्हणजे पॅडऐवजी शरीराच्या आत बसवायच्या, पोहतानाही चालणाऱ्या कपाची माहिती घेतली आणि सरांशी स्वतः बोलली. सर म्हणे नुसते "हो हो, ठीक आहे" म्हणाले. अवघडले असतील, पण त्या दिवसांत काठावरचा व्यायाम द्यायला लागले.

"पण करिअर?" बाबांचा प्रश्न उरलाच. तो चुकीचा नाही. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिक गाठलं, २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य मिळवलं. पुढे तो तहसीलदार झाला. आपल्याकडे नुसत्या पोहण्यावर घर चालणं अवघड, हे मी लपवत नाही. पण म्हणून ॲनिमिया झालेल्या वर्षाच्या वहीवरून निर्णय घ्यायचा? ठरलं ते एवढंच: दहावीचं वर्ष फक्त सकाळचं सेशन, आणि पोहायचं की नाही ते परीक्षेनंतर सईनं सांगायचं.

आठ महिन्यांनी ती आली. १:०५. "बाबा आता वही आणत नाहीत," म्हणाली. मग जरा थांबून, "स्टॉपवॉच अजून खिशात असतं. बटणाचा आवाज येतो मला."

पुढच्या भेटीला बाबांना एकट्याला बोलावलंय.