ऐकणाऱ्याचा चेहरा

दांडिया बाजार, बडोदा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या फिल्ममधला, तू एडिट करून पाठवलेला प्रसंग काल रात्री तीनदा पाहिला. एकदा सरळ, एकदा आवाज बंद करून, आणि एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकला. ऐकताना छान वाटला. आवाज बंद केल्यावर मात्र काही हाती लागेना. वडील वाडा विकल्याचं सांगतात, आई आणि मुलगी ऐकतात, आणि दीड मिनिटात ३१ कट! जो बोलेल त्याच्यावर कॅमेरा, त्याचं झालं की पुढच्यावर. कापायचं काम संवादांनीच करून टाकलंय. तू कुठे आहेस त्यात?

अगं, बोलणाऱ्याचे शब्द तर ऐकू येतातच. 'मी सही करून आलो' हे वाक्य कानावर पडताना आईचा चेहरा समोर असला तर प्रसंग आईचा होतो. मुलीचा असला तर मुलीचा. आणि ते वाक्य बोलताना वडिलांची नुसती पाठ दिसली, तर हा माणूस नजर चुकवतोय हे लहान पोरालाही कळतं. म्हणून एडिटिंगच्या टाइमलाइनला, म्हणजे शॉट ओळीने लावायच्या त्या पट्टीला, हात लावण्याआधी एवढंच ठरव, प्रसंग कोणाचा आहे. मला तुझ्या कटमधून ते कळलं नाही.

मी स्वतः हे चूक करून शिकलो. मुंबईत एडिटर म्हणून नवा होतो. मालिकेत दागिने हरवतात, सासरा विचारतो, "कोणी घेतले?" त्यावर धाकट्या सुनेची रिअॅक्शन हवी होती आणि ती शूटच झाली नव्हती. एपिसोड रात्रीच द्यायचा होता. चाळता चाळता एक तुकडा सापडला. टेकच्या आधी लाइट हलवत होते आणि ती बिचारी कंटाळून, ओठ चावत बाजूला बघत उभी होती. लावला. एपिसोड लागला आणि बडोद्याहून मावशीचा फोन: "काय रे, चोर धाकटीच ना?" लेखकाच्या मनात चोर भलताच होता. पुढचे चार दिवस मी त्याच्यासमोर गेलो नाही.

रशियात कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वी हाच खेळ मुद्दाम केला होता. मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला, आणि त्याच्याशेजारी कधी सूपची बशी जोडली, तर कधी शवपेटी. त्याचा शिष्य पुदोव्हकिनने लिहून ठेवलंय की लोकांनी त्या नटाच्या अभिनयाची वाहवा केली. नटाने केलं काहीच नव्हतं, माझ्या धाकट्या सुनेसारखंच.

आता तुझी दुसरी चूक. नवरात्रात तू गरबा शूट केलास तेव्हाही हीच झाली होती. गरबा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. रिंगणाबाहेर उभं राहून शूट केलं तर समोरच्या बायका डावीकडून उजवीकडे जातात. आत शिरून त्याच बायका घेतल्या की उजवीकडून डावीकडे. हे दोन शॉट शेजारी ठेवलेस तेव्हा दोन टोळ्या एकमेकींवर चाल करून आल्यासारख्या दिसत होत्या! इथेही आई आणि वडील यांच्यामध्ये एक रेघ आहे असं समज. ती ओलांडून तू सोफ्यामागे गेलीस, आणि दोघंही एकाच दिशेला बघायला लागली. नवरा-बायको बोलतायत तिसऱ्याच कोणाशी तरी. ही रेघ मोडूच नये असं नाही. पण मोडायचीच तर 'सही करून आलो'च्या नंतर मोड. तिथे घर खरंच उलटंपालटं झालंय.

तुम्ही मुलं मालिकांतल्या त्या धाड-धाड-धाड तीनदा येणाऱ्या चेहऱ्याला हसता. हसा, पण तो का आला तेही बघा. मालिका बघणारी बाई पोळ्या लाटत असते, पाठ टीव्हीकडे. त्या आवाजाने ती वळते, आणि वळेपर्यंत चेहरा जागेवर राहायला हवा. मला स्वतःला तो आवडत नाही, पण त्यामागे बिनडोकपणा नाही. शॉट किती वेळ ठेवला यावरही अर्थ बदलतो. १९८७ साली 'रामायण' लागायचं तेव्हा लोक टीव्हीला हार घालत. त्याचं शूटिंग उमरगावला झालं होतं. मुंबईला जाताना ते स्टेशन लागतं, खिडकीतून बघ कधी. भक्तीचं श्रेय कथेला आहेच, पण समोरून घेतलेल्या आणि थांबून राहिलेल्या त्या क्लोज-अपनाही आहे. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहावं तसे ते चेहरे. तुझा एकही चेहरा तीन सेकंदांवर टिकत नाही, मग आईचं दुःख बसायचं कुठे?

आवाजाचं थोडक्यात सांगतो. चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर कापायची सक्ती नसते. वडिलांचं वाक्य आठ-दहा फ्रेम आधी सुरू होऊ दे, आई अजून आपल्याच नादात दिसत असताना. सेकंदाच्या २५ फ्रेममधल्या आठ-दहा म्हणजे काहीच नाही, पण तेवढ्यात बातमी तिच्या अंगावर येते. आणि तो पार्श्वसंगीताचा व्हायोलिन आधी काढून टाक. कृपा कर.

तू पाठवलेलं कच्चं फुटेजही पाहिलं. चौथ्या टेकमध्ये तू 'कट' म्हणतेस, वडील झालेला नट उठून पाणी प्यायला जातो, आणि आई मात्र टेबलावरचा चहाचा ओघळ पदराने पुसत राहते. सात सेकंद. तू तो तुकडा फेकलास. तो परत काढ, त्यावर वडिलांचं वाक्य टाक, आणि गुरुवारी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन ये. काकू सुरळीच्या वड्या करणार आहे.

तुझा,
काका