वाचक विचारतात: कोपऱ्यावरच्या बारमधलं स्वस्त, पोटभर जेवण

प्रश्न: आमच्या घराजवळ एक साधंसं बार-रेस्टॉरंट आहे. प्लेट भरभरून देतात, चव मस्त असते आणि बिल कमी येतं. मित्र म्हणतो एवढ्या कमी पैशात देतायत म्हणजे माल शिळा असणार. खरंय का?

उत्तर: नाही हो, कमी पैसे घेतले म्हणजे माल खराब असं काही नसतं. आधी धंद्याचा हिशेब बघा. ढोबळमानाने हॉटेलात खाण्याच्या किमतीतला साधारण 30 टक्के भाग कच्च्या मालावर जातो आणि दारूत तोच आकडा 20च्या आसपास असतो, वर दारूला ना कोणी चिरायला लागतं ना शिजवायला गॅस लागतो, बाटली उघडली आणि ग्लासात ओतली की झालं. म्हणजे बार कमावतो आणि त्याच्या जोरावर किचन स्वस्तात चालतं. हे आजचं नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले सलून (म्हणजे तिथले दारूचे गुत्ते) एका ड्रिंकवर जेवण चक्क फुकट द्यायचे, आणि ते मुद्दाम खारट ठेवायचे, म्हणजे तहान लागून माणूस आणखी मागवणार. आजही बारमधल्या चटकमटक पदार्थांत मीठ जास्त असतं ते बऱ्याचदा यासाठीच, त्यामुळे सोबत पाणी मागवत राहा.

पण मला खरं कौतुक वाटतं ते किचनचं. मांसाचा महागडा, मऊ तुकडा कोणीही दहा मिनिटांत भाजून देईल. स्वस्त तुकडा म्हणजे पायाचा, खांद्याचा, ज्या भागाला भरपूर काम पडलेलं असतं तो, त्यात कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन जास्त असतं म्हणून तो चिवट लागतो, पण मंद आचेवर दोन-तीन तास ठेवला की तेच कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं आणि मांस मऊ पडून रस्सा असा दाट होतो की ओठांना चिकटतो. तुम्हाला जे ‘पोटभर, समाधानाचं’ वाटतं ना, त्यात या जिलेटिनचा मोठा हात आहे, आणि त्यात पैसा कमी, वेळ जास्त गेलेला असतो. कोंबडीच्या पंखांचंच घ्या. अमेरिकेत बफेलो शहरातल्या अँकर बारमध्ये 1964 साली ते तळून तिखट सॉसमध्ये घोळवून द्यायला लागले असं सांगतात, त्याआधी पंखांना कोणी फार विचारत नव्हतं, बहुतेक सूपसाठीच जायचे. आज जगभर बारच्या मेनूवर आहेत. लंडनमध्ये ‘द ईगल’ नावाच्या पबने 1991 मध्ये साध्या पबच्या वातावरणात, पण मनापासून केलेलं जेवण द्यायला सुरुवात केली आणि त्यातूनच गॅस्ट्रोपब हा प्रकार रूढ झाला. म्हणजे चांगल्या जेवणाला भारी पडदे आणि पांढरे टेबलक्लॉथ लागतातच असं नाही.

आता शिळ्याबद्दल. मित्राची शंका अगदीच टाकाऊ नाही, फक्त तो चुकीच्या ठिकाणी बघतोय. किंमत बघू नका, मेनू बघा. छोट्या जागेत दीडशे पदार्थ असतील तर त्यातले बरेच फ्रीजरमध्ये पडून असणार, उलट पंधरा-वीसच असतील आणि एकच रस्सा, एकच सॉस तीन-चार पदार्थांत फिरत असेल तर माल रोज संपतो. वेटर ‘ते आज संपलं’ म्हणाला तर खुश व्हा. गरम पदार्थ वाफाळता आला पाहिजे, कारण शिजवलेलं अन्न साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधे तासन्‌तास राहिलं की जंतू भराभर वाढतात. तळणाला जळका, उग्र वास आला तर तेल बदललेलं नाही, तिथे तळलेलं मागवूच नका. आणि कालचा रस्सा नीट थंड करून ठेवलेला असेल आणि पुन्हा उकळी आणून देत असतील तर तो वाईट नसतो, उलट मसाला मुरून कित्येकदा जास्त छान लागतो.

प्रश्न: पिण्याआधी तेलकट, जड खाल्लं की दारू चढत नाही असं ग्रुपमधले सगळे म्हणतात. मग घरी गाडी चालवत गेलं तर चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. दारू मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात जाते, पोटात अन्न असलं की ती जठरात जास्त वेळ थांबते, त्यामुळे हळूहळू चढते आणि एकदम उंच जात नाही, एवढाच फायदा. ती नाहीशी होत नाही. यकृत आपल्या गतीने तिचा निकाल लावतं आणि कॉफी, लिंबू, थंड पाणी यातल्या कशानेही ती गती वाढत नाही. खाऊनच प्या हे बरोबर, पण प्यायलात तर चावी दुसऱ्याकडे द्या, कितीही जेवला असाल तरी.

प्रश्न: मी पीत नाही. नोकरीसाठी नवीन ठिकाणी एकटीच राहते आणि अशा एका जागी फक्त जेवायला जावंसं वाटतं. मालकाला आवडेल का? लोक बघतील का?

उत्तर: जा, नक्की जा. रे ओल्डनबर्ग नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1989 मध्ये ‘तिसरी जागा’ अशी कल्पना मांडली, पहिली घर, दुसरी कामाची आणि तिसरी जिथे माणूस सहज टेकतो, चार शब्द बोलतो, कोणी कोणाचा साहेब नसतो. कोपऱ्यावरचा बार त्यातच येतो आणि तिथे बसायला ग्लासात दारूच पाहिजे असं कुठे आहे? मालकाला रोजचं गिऱ्हाईक हवं असतं, आठवड्यातून तीनदा जेवून जाणारी व्यक्ती त्याला सोन्यासारखी. पहिल्यांदा संध्याकाळी लवकर जा, तेव्हा गोंगाट कमी असतो आणि काम करणाऱ्यांना तुमच्याशी बोलायला वेळही असतो. वीकेंडच्या गर्दीत चौघांचं टेबल अडवू नका, काउंटरजवळची खुर्ची घ्या. लोक एखाद-दोन दिवस बघतील, मग सवय होते. पण कोणी नको तेवढं बोलायला लागलं तर गप्प बसू नका, सरळ मॅनेजरला सांगा, आणि त्याने हसण्यावारी नेलं तर ती जागा सोडा, दुसरी शोधा.