लिथुआनियन भाषेत आघात कुठे द्यायचा हे कसं ओळखायचं? आणि शेपटीची अक्षरं नाकातून उच्चारायची का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, नाकातून नाही. रोमन ए, ई, आय आणि यू यांच्याखाली येणाऱ्या शेपटीला 'नोसिने' म्हणतात. हे नाव 'नाक' या शब्दावरूनच आलंय, पण आजच्या प्रमाण उच्चारात स्वर फक्त दीर्घ होतो. १९६२ च्या नियमांआधी आपण 'घरांत', 'नाहीं' असं लिहायचो आणि अनुस्वार उच्चारत नव्हतो, तसंच हे.

फक्त आपल्याकडे ते अनुस्वार गेले, तिथे शेपटी टिकली आणि ती चुकवून चालत नाही. शेपटीचा यू आणि डोक्यावर रेघ असलेला यू यांचा उच्चार एकच, म्हणजे दीर्घ ऊ. शेपटीचा आय आणि वाय हे दोन्ही दीर्घ ई. त्यामुळे नुसतं ऐकून लिहाल तर फसाल. धातूत शेपटी आहे का हे पाहायला त्याच क्रियापदाचं दुसरं रूप काढा. 'कान्दा' (चावतो) मध्ये न ऐकू येतो. 'कास्ति' (चावणे) मध्ये स च्या आधी तो गळलाय, म्हणून तिथे ए ला शेपटी. द्वितीया एकवचनाच्या शेवटी आणि षष्ठी अनेकवचनाच्या यू ला ती न विचारता द्या.

आता आघात. रोजच्या लिखाणात तो दाखवतच नाहीत. खुणा फक्त शब्दकोशात आणि पाठ्यपुस्तकात असतात, त्याही तीन. डावीकडे झुकलेली रेघ म्हणजे ऱ्हस्व अक्षरावर आघात. उजवीकडे झुकलेली रेघ म्हणजे जोर सुरुवातीला आणि मग उतार. नागमोडी खूण म्हणजे जोर शेवटाकडे. उजवीकडची रेघ पाहून आवाज चढवायचा मोह होतो, आणि बहुतेक शिकणारे इथेच चुकतात. 'शाउक' मध्ये आ ताणलात तर 'गोळी झाड', उ वर जोर दिलात तर 'ओरड'. एकट्या दीर्घ स्वरावर हा फरक बऱ्याच जणांच्या बोलण्यात पुसट झालाय, म्हणून कान तयार करायचा तो अशा जोडस्वरांवर.

खरी मेहनत पुढे आहे, कारण विभक्तीनुसार आघात जागा बदलतो. 'लिएतुवा' (लिथुआनिया) प्रथमेत शेवटच्या अक्षरावर, द्वितीयेत पहिल्या. नामांचे असे चार गट आहेत आणि चांगल्या शब्दकोशात शब्दापुढे कंसात गटाचा आकडा असतो. तो पाठ करण्यापेक्षा प्रत्येक नामाची चतुर्थी आणि द्वितीया अनेकवचनाची रूपं मोठ्याने म्हणून ठेवा. दोन्हीकडे आघात मूळ शब्दावर असेल तर गट पहिला. चतुर्थीत मूळ शब्दावर आणि द्वितीयेत प्रत्ययावर, तर दुसरा. याच्या उलट असेल तर तिसरा. दोन्हीकडे प्रत्ययावर, तर चौथा. 'गल्वा' (डोकं) घ्या: चतुर्थी 'गल्वोम्स' मध्ये जोर शेवटी, द्वितीया 'गाल्वस' मध्ये सुरुवातीला. म्हणून तो तिसऱ्या गटात. माझ्या मते पहिल्या दिवसापासून शब्द असेच जोडीने शिकावेत. नंतर सवय मोडणं फार जड जातं.

साध्या ए आणि ई वर शब्दाच्या शेवटाखेरीज कुठेही आघात आला की ते बहुधा लांबतात: 'नामस' (घर). अपवादही आहेत: 'मनो' म्हणजे 'माझं', 'मानो' म्हणजे 'विचार करतो'. लिहायचे दोन्ही अगदी सारखेच.

व्यंजनांत मराठी माणसाला फायदा आहे. साधा सी म्हणजे 'चमचा'तला च, वर खूण असलेला सी म्हणजे 'चार'मधला. ए, ओ, यू च्या आधी आलेला आय बहुतेक वेळा फक्त मागचं व्यंजन मृदू करतो, स्वतः उच्चारला जात नाही. म्हणून 'धन्यवाद' म्हणताना 'आचिऊ' नको, 'आचू' म्हणा, आघात आ वर.

टाइप करताना एक अडचण येईल: विंडोजच्या लिथुआनियन कीबोर्डवर १ ते ८ आकड्यांच्या जागी ही खास अक्षरं येतात. आकडा हवा असेल तर उजवी ऑल्ट की दाबून ठेवा.