वाळूतला पाइल : तीन आकडे, कोणता धरायचा?

प्रश्न : ३५० मिमी चौकोनी प्रीकास्ट पाइल (आधी ओतून तयार केलेले काँक्रीटचे पायाचे खांब) १२ मीटर खोल ठोकायचे आहेत. बोअरमध्ये वरपासून खालपर्यंत मध्यम घट्ट, बारीक वाळू, पाणी २ मीटरवर. टोकासाठी एनक्यू (टोकाशी असलेल्या मातीच्या दाबाला ज्याने गुणायचं तो गुणांक) ३० धरला तर एकूण क्षमता ९९० किलोन्यूटन येते, ६० धरला तर १४५०. पहिला पाइल ठोकल्यावर ठेकेदाराने हातोड्याच्या सूत्राने (एका ठोक्याला पाइल किती उतरतो त्यावरून) १८०० काढले. डिझाइनला कोणता आकडा घेऊ?

उत्तर : सध्या ९९० घ्या. १८०० तर रिस्ट्राइक (काही दिवस थांबून तोच पाइल पुन्हा ठोकणं) होईपर्यंत विचारातही घेऊ नका.

तुमचं गणित मी पुन्हा करून पाहिलं. पाण्याच्या वरच्या वाळूला १७ आणि खालच्या वाळूला, पाण्याची उचल वजा करून, ९ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरले की टोकाशी प्रभावी दाब १२४ किलोपास्कल येतो. उचल वजा केलीत हे फार बरं केलंत. ती राहून गेली असती तर हाच दाब २२४ झाला असता आणि सगळंच गणित फुगलं असतं. के (आडव्या आणि उभ्या दाबाचं गुणोत्तर) १ आणि पाइलची बाजू व वाळू यांच्यातला घर्षणकोन २५ अंश धरून बाजूचं घर्षण साधारण ५४० येतं, दोन्ही उत्तरांत तेवढंच. म्हणजे फरक सगळा टोकाचा : एकदा ४५५, एकदा ९१०.

हा फरक वाळूच्या स्वतःच्या घर्षणकोनातून (कण एकमेकांवर घसरायला किती विरोध करतात त्याचं माप) येतो. एसपीटीच्या (बोअरमध्ये नळी ठोकून ठोके मोजायची चाचणी) ठोक्यांवरून तो ३२ अंश की ३६, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि तेवढ्या चार अंशांत एनक्यू जवळजवळ दुप्पट होतो. शिवाय घर्षण काही मिलिमीटर खचण्यात पूर्ण मिळतं, पण टोकाचा पूर्ण विरोध उभा राहायला पाइल आपल्या रुंदीच्या दहाव्या हिश्शाइतका, तुमच्याकडे ३५ मिमी, खाली जावा लागतो. इमारतीला एवढं खचणं परवडणार नाही. म्हणून टोकाच्या बाबतीत मी नेहमी हात आखडताच ठेवतो. ९९० ला २.५ ने भागा, पाइलमागे सुमारे ४०० किलोन्यूटन.

आता हातोडा. पाण्याने भरलेली बारीक वाळू टोकाखाली घट्ट असेल तर ठोक्यासरशी ती फुगायला बघते, कणांमधल्या पाण्याचा दाब खाली येतो आणि वाळू तेवढ्यापुरती कडक होते. पाइल हलेनासा होतो, सूत्र मोठा आकडा देतं. काही तासांत किंवा दिवसांत पाणी परत शिरतं आणि तो जोर ओसरतो. म्हणून दोन-तीन दिवस थांबून तोच पाइल पुन्हा ठोका. पाइलवर कागद चिकटवा, आडव्या पट्टीच्या आधाराने पेन्सिल सरकवत न्या. प्रत्येक ठोक्याला पाइल खाली उतरून थोडा पुन्हा वर येतो, ते रेघेत उमटतं. वर आलेला भाग म्हणजे उसळी, खाली राहिलेला खरा सेट. पहिल्या काही ठोक्यांतला सेट आधीपेक्षा मोठा आला तर १८०० गेलेच समजा. आकडा हवाच असेल तर साध्या सूत्राऐवजी तरंग-विश्लेषण करून घ्या (ठोक्याचा तरंग पाइलमधून कसा जातो याचं गणित, ई. ए. एल. स्मिथ यांनी १९६० मध्ये मांडलेली पद्धत) आणि त्यासाठी पाइलच्या माथ्यावर गेज लावून मोजणी घ्या. हातोड्याची किती ऊर्जा खरोखर पाइलमध्ये उतरते, हे साध्या सूत्राला कळत नाही.

शक्य असेल तर सीपीटी (जमिनीत शंकू दाबत नेऊन विरोध मोजायची चाचणी) कराच. शंकूचा विरोध एकाच खोलीवर वाचू नका. टोकाच्या वर आठ रुंद्या आणि खाली चार रुंद्या, म्हणजे तुमच्याकडे २.८ आणि १.४ मीटर, एवढ्या पट्ट्यातली सरासरी घ्या आणि त्यातल्या कमी वाचनांना जास्त मान द्या. टोकाखाली सैल थर असेल तर पाइल त्याला जाणतो, बोअरचा अहवाल मात्र तो सहज गाळतो. शेवटचा शब्द स्थिर भार चाचणीचा, आणि तीही रिस्ट्राइकनंतर काही दिवस जाऊ देऊन.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही : वाऱ्यामुळे किंवा पाण्याच्या उचलीने काही पाइलवर वरच्या दिशेने ओढ येणार आहे का? येणार असेल तर तिथे टोकाचा वाटा शून्य धरा, आणि घर्षणही दाबातल्यापेक्षा कमी घ्या.