बेसबॉलमध्ये संघातला सगळ्यात चांगला बॅटर कितव्या क्रमांकावर खेळवावा?

तुम्ही लिहिलंय की संघ नवा आहे, सामने सात इनिंगचे आहेत आणि सगळ्यात चांगल्या बॅटरला तिसरं पाठवायचं की चौथं यावरून संघात दोन तट पडलेत. मी म्हणेन, दुसरं पाठवा. पटत नसेल तर चौथं. तिसरं मात्र नको.

मी बरीच वर्षं एका हौशी संघाचं स्कोअरबुक लिहीत होतो. पुढे बॅटिंग ऑर्डर ठरवायचं कामही गळ्यात पडलं, कारण शिव्या खायला दुसरं कुणी तयार नव्हतं. क्रिकेटच्या सवयीने सुरुवातीला डोक्यात ओपनर, मधली फळी, शेपूट असंच चालायचं. ते इथे लागू पडत नाही. क्रिकेटमध्ये आउट झालेला परत येत नाही. इथे नऊ जणांचं रहाट फिरतच राहतं. तिसरा आउट पडला की इनिंग संपते आणि पुढची इनिंग त्याच्या नंतरच्या बॅटरपासून सुरू होते. त्यामुळे पहिला बॅटर खात्रीने ‘पहिला’ असतो तो फक्त पहिल्या इनिंगमध्ये.

तेव्हा आधी पाळ्या मोजा. सात इनिंग म्हणजे २१ आउट. नऊ जण आउट न होता बेसवर (धाव पुरी करायला क्रमाने गाठायच्या थांब्यांवर) पोचले असं धरलं तर एकूण ३० पाळ्या झाल्या. तीन फेऱ्यांत २७ संपतात आणि उरलेल्या तीन पहिल्या तिघांच्या वाट्याला येतात. म्हणजे तुमचे वरचे तिघे चार वेळा बॅटिंग करणार, बाकीचे सहा जण तीनच वेळा. अमेरिकेतल्या मेजर लीगच्या (तिथली सगळ्यात वरची व्यावसायिक स्पर्धा) १६२ सामन्यांच्या हंगामात एक क्रमांक खाली सरकलं की साधारण १८ पाळ्या जातात. आठव्या क्रमांकावर चांगला बॅटर ‘राखून’ ठेवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

मग सगळ्यात चांगला बॅटर सरळ पहिलाच का नाही? पाठवलात तरी फार बिघडणार नाही. पण तो येतो तेव्हा पहिल्या इनिंगमध्ये बेस रिकामे असतात, आणि पुढे त्याच्या आधी आठवा-नववा येऊन आउट झालेले असतात. रिकाम्या बेसवर मारलेल्या होम रनची (एकाच फटक्यात सगळे बेस पार) एकच धाव मिळते. म्हणून पहिला असा हवा जो काही करून बेसवर पोचतो, आणि मोठा फटका मारणारा त्याच्या मागे.

तिसऱ्या क्रमांकाला माझा विरोध का, ते सांगतो. समजा, बॅटर तीनपैकी दोन वेळा आउट होतो. मग पहिले दोघेही आउट होण्याची शक्यता नवात चार, जवळपास निम्मी. म्हणजे निम्म्या सामन्यांत तुमचा हिरा पहिल्यांदा मैदानात येतो तेव्हा दोन आउट झालेले आणि बेस रिकामे. चौथ्याचं तसं नाही. पहिल्या तिघांपैकी एक जरी पोचला तरी तो पहिल्याच इनिंगमध्ये येतो आणि बहुतेक वेळा बेसवर कुणीतरी असतं. तिघेही गेले तर दुसरी इनिंग तो शून्य आउटवर उघडतो.

तिसऱ्या-चौथ्या जागेचा हा मान आला कुठून? न्यूयॉर्क यांकीजने १९२९ मध्ये जर्सीवर आकडे टाकले ते बॅटिंग ऑर्डरप्रमाणे: बेब रूथ ३, लू गेरिग ४. ते आकडे पुढे दंतकथा झाले आणि जागाही. पण त्याच यांकीजच्या ॲरन जजने २०२२ मध्ये ६२ होम रन मारले, तेव्हा तो बऱ्याच वेळा दुसरा आणि शेवटी शेवटी पहिला खेळत होता. ६२वा होम रन तर त्याने सामन्यातला पहिला बॅटर म्हणून मारला. जुना मान त्याच घरातून उठला म्हणायचा.

आता पळणाऱ्यांबद्दल. संघातला सगळ्यात वेगवान पोरगा पहिला, ही चूक मीही एक अख्खा मोसम केली. त्याचा वेग खरा होता, पण तो दिसेल त्या चेंडूवर बॅट फिरवायचा आणि परत येऊन बसायचा. पळायला आधी बेसवर यावं लागतं. मेजर लीगमधल्या रिकी हेंडरसनचे १,४०६ स्टील (चेंडू फेकला जात असताना पळून चोरलेले बेस) सगळ्यांना पाठ असतात. त्याने कारकिर्दीत २,१९० वॉक (चार बाहेरचे चेंडू सोडून फुकट मिळालेला पहिला बेस) घेतले हे कुणी सांगत नाही. उलट फिलाडेल्फिया फिलीजचा काइल श्वार्बर बघा. २०२३ मध्ये ॲव्हरेज (फटक्याने बेसवर पोचण्याचं प्रमाण) फक्त .१९७, वेगाच्या नावाने शून्य, तरी तो पहिला खेळायचा, कारण १२६ वॉक आणि ४७ होम रन. वॉक दिसायला फटक्यासारखा देखणा नाही, पण आउट वाचतो. आणि वरचे बेसवरच नसतील तर चौथा कितीही दणकट असो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

हौशी पातळीवर मात्र वेगाला थोडी जास्त किंमत द्या. कॅचरचा थ्रो भरकटतो, शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) हातून चेंडू सुटतो, आणि पळणारा अशा वेळी एक बेस फुकट लाटतो. तसंच, जमिनीवरून चेंडू मारणारा संथ खेळाडू तुमच्या सगळ्यात जास्त बेसवर पोचणाऱ्याच्या लगेच मागे ठेवू नका. एका चेंडूवर दोन आउट देऊन बसाल.

नव्या संघाकडे आकडे नसणार. पंधरा-वीस पाळ्यांच्या ॲव्हरेजवर विश्वास ठेवण्यापेक्षा सरावात बघा: बाहेरचा चेंडू कोण सोडतो, दोन स्ट्राइक पडल्यावर (तिसऱ्याला आउट) कोण घाबरत नाही. असे दोघे निवडा. एक पहिला, आणि दुसरा चक्क नववा. नवव्याच्या मागून पुन्हा पहिला-दुसरा येतात, म्हणून तो बेसवर असणं फायद्याचं. सेंट लुइस कार्डिनल्सचा मॅनेजर टोनी ला रूसा याने १९९८ मध्ये पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या, बहुधा सगळ्यात कच्च्या बॅटरला, नवव्याऐवजी आठवा पाठवायला सुरुवात केली ती याच हिशेबाने. त्यांचा मोठे फटके मारणारा मार्क मॅग्वायर येण्याआधी बेसवर कुणीतरी असावं म्हणून. पाचवा ते आठवा? जसे चांगले तसे लावत जा, फार डोकं लावू नका.

आणि भांडण किती ताणायचं तेही ठरवा. अख्ख्या १६२ सामन्यांत नेहमीची ऑर्डर आणि काटेकोर हिशेबाची ऑर्डर यांत दहा-पंधरा धावांचाच फरक पडतो असं मानतात. १९७२ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट टायगर्स सलग हरत होते, तेव्हा मॅनेजर बिली मार्टिनने टोपीतून नावं काढून ऑर्डर लावली. एडी ब्रिंकमन, ज्याचा त्या वर्षीचा ॲव्हरेज जेमतेम .२००च्या वर होता, तो चौथा आला. टायगर्स ३-२ ने जिंकले!

ऑर्डर काहीही ठरो, अंपायरला दिलेला कागद आणि तुमच्या डगआउटमधला कागद एकच असू द्या. एकदा मी घाईत आमच्या प्रतीवर सहावा-सातवा उलटे लिहिले. सहाव्याच्या जागी सातवा गेला, झकास डबल (दोन बेसचा फटका) मारला, आणि पुढचा चेंडू पडायच्या आत समोरच्यांनी अपील केलं. डबल रद्द, जागेवर बसलेला सहावा आउट, आणि नियमाने पुढची पाळी पुन्हा त्याच सातव्याची. या खेपेला तो तीन चेंडूंत स्ट्राइक आउट झाला आणि परत येताना माझ्याकडे बघतही नव्हता.