भाऊ वेल्डिंग करत नाही, नुसता अँगल धरतो. तरी रात्री त्याचे डोळे का जळतात?

तुम्ही लिहिलंय की भाऊ ग्रिलच्या दुकानात हेल्पर आहे, मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन उठतो आणि आजी बटाट्याच्या चकत्या ठेवते. यवतमाळ जिल्ह्यात माझं ट्रॉली-वखरांचं दुकान आहे. मीही हेल्पर म्हणूनच लागलो होतो, त्या रात्री मला ठाऊक आहेत.

त्याला वेल्डिंग लागली आहे. टाका, म्हणजे वेल्डिंगचा छोटा जोड, कधी पडणार हे होल्डर धरणाऱ्या वेल्डरला माहीत असतं, तो काळी काच डोळ्यांपुढे घेतो. अँगल धरणाऱ्या पोराला ते कळत नाही. तो मान वळवेपर्यंत चमक डोळ्यात गेलेली असते, आणि दिवसभरात असे कितीतरी टाके पडतात. पांढऱ्या भिंतीवरून, कोऱ्या टिनावरून परतणारी किरणं वेगळीच.

आर्कची, म्हणजे रॉड आणि लोखंडामधल्या झगझगीत विजेची, अतिनील किरणं बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर भाजतात. भाजताना काही जाणवत नाही. आग सहसा 6 ते 12 तासांनी उठते, म्हणून दुकानातलं दुखणं घरी रात्री कळतं. बहुधा एक-दोन दिवसांत थर भरून येतो, पण रोज भाजून घेणं बरं नाही. वेल्डिंगची अतिनील किरणं माणसात कर्करोग घडवतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2018 साली छापलेल्या अहवालात नोंदवलं आहे.

आजीला सांगा, बटाटा नको, दूधही नको. भाजलेल्या डोळ्यात जंतू जातील. मिटल्या डोळ्यांवर स्वच्छ थंड फडकं ठेवा, चोळू देऊ नका, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून घालू नका. लगेच बरं वाटतं, पण जखम भरत नाही. एकच डोळा दुखत असेल तर ग्राइंडरचा कण रुतला असू शकतो, तेव्हा त्याच दिवशी जा.

भावाला स्वतःचं हेल्मेट हवं. रॉडच्या नेहमीच्या कामाला 10 किंवा 11 नंबरची काळी काच लागते. गॅस कटिंगचा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल चालत नाही. मे महिन्यात 45 अंशांत पोरं बनियनवर काम करतात, मला कळतं. तरी पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घालायला लावा, नाहीतर मान आणि हात सोलून निघतात. टाका मारण्याआधी मोठ्याने "मारतो" म्हणायचं, हे मालकाशी ठरवून घ्या. मालक काच देत नसेल तर तुम्ही घेऊन द्या, पण उद्या त्याला काचेशिवाय पाठवू नका.